संगीत नाटकात काम आणि गाण्याच्या शिकवण्या: सांगलीत राहून जमेल का?

काळी_पाच (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी सांगलीची. बी.कॉम. झालंय, गांधर्व महाविद्यालयाची विशारद (गाण्याची परीक्षा) झालीय. गावातल्या एका हौशी संस्थेतून राज्य संगीत नाट्य स्पर्धेत कामं केलीत, यंदा किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधली रुक्मिणी आहे. संध्याकाळी घरीच शिकवण्या घेते, बहुतेक मुलं प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांची.

बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे आणि नाटक शनिवार-रविवारी कर. आई म्हणते बी.एड. करून शाळेत लाग. मला मात्र संगीत नाटकच करायचंय आणि तेच शिकवायचंय. आता पुण्याच्या एका संस्थेने दौऱ्यासाठी विचारलंय. गेले तर शिकवण्या मोडतात, नाही गेले तर मोठ्या स्टेजवर उभं राहायची संधी जाते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बरं गायले की लोक म्हणतात, "एवढं गातेस तर शिकवत कशाला बसतेस?" आणि नाटकाचं नाव काढलं की तेच लोक म्हणतात, "त्यात आता काय उरलंय, शिकवण्या बऱ्या." या दोन्हींतून एक आयुष्य उभं राहतं का, आणि तेही सांगलीत? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

कृष्णाकाठ

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. प्रश्न योग्य गावातून आलाय. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच. नाटककार खाडिलकरांचा जन्म सांगलीचा, 'शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे, बालगंधर्वांचं मूळ गाव पलूस तालुक्यातलं नागठाणे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून ते पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं.

पण एक सांगतो. ही यादी आपण दर रंगभूमी दिनाला म्हणतो, हार घालतो आणि घरी जातो. यादीने कुणाचं पोट भरत नाही. तुमच्यासारखी मुलगी इथे राहून हे काम करते म्हटल्यावर गावाने तिच्या प्रयोगाला तिकीट काढून यायला पाहिजे. मी येतो, घरच्या चौघांना घेऊन येतो. तारीख कळवा.

मुळामुठा

मी मूळची मिरजेची, आता पुण्यात असते आणि संगीत नाटकांतून काम करते. खरं ते सांगते, नाउमेद करायला नाही.

पुण्यातसुद्धा संगीत नाटकाचे प्रयोग महिन्याला बोटावर मोजण्याइतके असतात. निव्वळ नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालवणारा संगीत नट माझ्या ओळखीत नाही. कुणी नोकरी करतो, कुणी क्लास चालवतो, कुणी कार्यक्रमांतून गातो. म्हणजे 'मोठ्या स्टेजवर' असलेले बहुतेक लोक तुझ्यासारखेच दोन्ही करतात. फरक एवढाच की इथे सराव करायला साथीदार मिळतात, बघायला मोठी माणसं मिळतात. जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदारांनी तर आयुष्यभर भूमिका करता करता पुढची पिढी शिकवली. बाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली. शिकवल्यामुळे त्यांचं गाणं कमी झालं असं कुणी म्हणू धजेल का?

दौऱ्याला जा, पण आधी बोलून घे: नाईट किती, प्रवास आणि राहणं कुणाकडे, प्रयोग रद्द झाला तर काय, तालमीच्या दिवसांचे पैसे आहेत की नाहीत. विचारायला लाजू नकोस. संस्था चांगली असेल तर तिला राग येणार नाही. आणि हे सगळं कागदावर घे, निदान मेसेजवर तरी. एका दौऱ्यात शेवटच्या तीन प्रयोगांचं मानधन मला आजतागायत मिळालेलं नाही, कारण सगळं तोंडी ठरलं होतं.

वय पंचविशीच्या आत असेल तर सीसीआरटीच्या तरुण कलावंत शिष्यवृत्तीचा अर्ज भर. केंद्र सरकारची आहे, १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. गायन आणि नाट्य दोन्ही विषय त्यात आहेत. पैसा थोडा आहे, पण गुरूकडे नियमाने बसायला एक निमित्त होतं.

पायपेटी

मी मिरजेचा, ऑर्गन आणि पेटीची साथ करतो. नोकरी सांभाळून आयुष्यभर हेच केलं, आता निवृत्त आहे. काळी_पाच, तुम्हाला 'बाळ' म्हटलं तर चालेल ना? माझी नात तुमच्याएवढी आहे.

बाळ, लोकांच्या त्या दोन वाक्यांकडे लक्ष देऊ नको. हे दोन धंदे मुळात वेगळे नव्हतेच. आपल्या हरिपूरच्या देवलांना लोक मास्तर म्हणत. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली शिकले, पुढे स्वतः शाळेत शिकवलं, किर्लोस्कर मंडळीत काम केलं, नाटकं लिहिली आणि नटांना घडवलं. गणपतराव बोडसांसारखा नट त्यांच्या तालमीत तयार झाला. संगीत नाटक वाढलं ते तालीम मास्तरांमुळे. त्या काळात एकच माणूस रात्री स्टेजवर आणि दुपारी तालमीत असे. तुला जे करायचंय ते जुनंच आहे, मधे मोडलं होतं.

ते का मोडलं, हे मला सांगायचंय. नाट्यसंगीत नाटकातून निघालं आणि मैफलीत जाऊन बसलं. क्लासमध्ये मुलाला पद शिकवतात म्हणजे काय, तर स्थायी, अंतरा, मधे चार ताना आणि शेवटी तिहाई. कोण गातंय, कुणाला सांगतंय, आधीचं वाक्य काय होतं, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. स्पर्धेत बक्षीस मिळतं, पण नाटकात उभं केलं की पद सुरू होताच ते मूल नाटकातून बाहेर पडतं. हात कुठे ठेवावेत तेही त्याला कळत नाही.

तू रुक्मिणी करतेस म्हणून तुझ्याच प्रवेशातलं सांगतो. 'प्रिये पहा' कृष्णाचं पद आहे, देसकारातलं. रात्र सरली, गार वारा सुटला, दिव्याचं तेज मंद झालं, एवढंच तो रुक्मिणीला दाखवतोय. आता हे पद जर कृष्णाने पहिल्याच ओळीला तार सप्तकात नेऊन प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटलं तर पहाट कुठे राहिली? आणि तू तिथे पूर्ण वेळ आहेस, एक अक्षर न गाता. त्याने वाऱ्याचं नाव घेतल्यावर तुझा पदर सावरला जाणार की नाही? तो दिव्याबद्दल गातो तेव्हा तुझी नजर समईकडे आधी जाते की शब्द कानावर पडल्यावर? आधी गेली तर प्रेक्षकाला पाठांतर दिसतं. पद संपेपर्यंत तुझ्या चेहऱ्यावर उजाडलं पाहिजे. ज्याला दुसऱ्याचं पद ऐकता येतं त्याला स्वतःचं पद म्हणता येतं, हे मी साथीला बसून बघितलंय.

दुसरं, गद्यातून पद्यात जाणं. पद येण्याआधीच्या वाक्यापासून आम्ही ऑर्गनवर सूर हळूच धरतो. चांगला नट ते शेवटचं वाक्य असं सोडतो की त्याचा शेवटचा शब्द षड्जावर किंवा पंचमावर येऊन टेकतो आणि तिथूनच पद उचललं जातं. प्रेक्षकाला बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. कच्चा नट वाक्य संपवतो, थांबतो, खाकरतो, आमच्याकडे बघतो. तेवढ्यात प्रवेश पडतो. कृष्ण काळी एकमध्ये गाणार आणि तू काळी पाचमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरलेले सूर), म्हणजे एकाच प्रवेशात आम्हाला सूर बदलायचा असतो. तो बदल संवादात कुठे बसवायचा हे नट आणि पेटीवाला मिळून ठरवतात. हे कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. हेच शिकव. सांगलीत आज हे शिकवणारी माणसं फार थोडी राहिलीत.

सज्जनगड_सातारा

पायपेटीकाका, वाचून अंगावर काटा आला.

मी निव्वळ प्रेक्षक. साताऱ्यात शाहू कला मंदिरात संगीत नाटक लागलं की जातोच. एक तक्रार आहे, कलाकारांनी मनावर घ्यावी. गळ्याशी माईक लावून पद म्हणतात आणि तबला एवढा मोठा की शब्दच कळत नाहीत. साहित्य चांगलं, गळा चांगला, आणि ऐकू येतो फक्त ठेका. शिकवताना मुलांना माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला लावा ना.

आणि जुन्याच नाटकांत अडकू नका ही दुसरी विनंती. 'देवबाभळी'ला माझ्या कॉलेजातल्या मुलीने मला ओढत नेलं. दोनच बायका, स्टेजवर प्रत्यक्ष गातात, आणि सभोवार सगळी तरुण मुलं. संगीत नाटक त्यांना नको आहे असं अजिबात नाही.

मुळामुठा

+१. मुळात संगीत नाटक बदलतच आलंय. 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात होती, रात्र रात्र प्रयोग चालायचे. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी पदं नेमकी आणि आटोपशीर केली, तीन वर्षांनी आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये तर गाणं हाच नाटकाचा विषय झाला. जुनं यायलाच हवं, पण काळी_पाच, तुझ्या वयाची एखादी मुलगी लिहीत असेल तर तिच्याबरोबर नवीन काहीतरी कर.

तासगावची_बाई

मी संगीत शिक्षिका. आईच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण मी नेमकं तेच केलंय.

शाळेत लागणं वाईट नाही, पण संगीताच्या जागा किती निघतात ते आधी बघा. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर होते. वर्षभर गॅदरिंग, स्वागतगीतं, झेंडावंदन, पाहुणे आले की ईशस्तवन. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार. नाटकाचं नाव काढलं की "अभ्यास बुडतो." शेवटी सोडलं आणि घरीच क्लास सुरू केला. आता नीट चाललंय. पालकांचा ओढा परीक्षांकडे असतो, कारण दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. त्याबद्दल मी नाक मुरडत नाही. मूल गुणांसाठी येतं आणि गाण्यासाठी राहतं, असं माझ्याकडे बरेचदा झालंय. परीक्षेच्या वर्गावर घरखर्च निघतो. त्याच जोरावर आठवड्यातून एक दिवस मी नाटकाचा वर्ग घेते, त्याची फी कमी ठेवते.

त्या वर्गात मागच्या वर्षी 'शारदा'मधले प्रवेश केले, आठवी-नववीच्या मुलींना घेऊन. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेला बाप म्हटल्यावर मुली आधी हसल्या. मग एकीने विचारलं, "बाई, तिला कुणी विचारलंच नाही का?" त्यानंतर 'मूर्तिमंत भीति' शिकवायला घेतलं आणि मला आवाजाबद्दल काहीच सांगावं लागलं नाही. जी मुलगी एरवी रेटून गाते तिने पहिली ओळ इतकी आत ठेवून म्हटली की मी पेटीवरचा हात काढून घेतला. पायपेटीकाका म्हणतात ते असंच असणार. आधी शारदा कळली, मग पद आलं.

आपल्या जिल्ह्यात लहान वयातली लग्नं अजून होतात. त्या मुलींना हे नाटक जुनं वाटलं नाही.

कृष्णाकाठ

बाई, सलाम. 'शारदा' १८९९ चं. तीस वर्षांनी शारदा कायदाही झाला तो याच नाटकाच्या नावाने, हे मुलींना जरूर सांगा.

तासगावची_बाई

कृष्णाकाठ, तो समज सगळीकडे आहे, पण १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा असं त्यात होतं. नाटकाने महाराष्ट्रात लोकांचं मन तयार केलं ही गोष्ट वेगळी आणि ती तेवढीच मोठी आहे.

कृष्णाकाठ

धन्यवाद, हे नव्हतं माहीत.

काळी_पाच

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, 'बाळ'च म्हणा.

काल तालमीत समईचं करून बघितलं. कृष्ण करणारे दादा म्हणाले, "आज पहिल्यांदा वाटलं की मी कुणाला तरी सांगतोय." मला स्वतःला त्या प्रवेशात आतापर्यंत काही कामच नाही असं वाटायचं.

दौऱ्याचं त्यांच्याशी बोलले. प्रयोग शनिवार-रविवारचे आहेत, तालमी पुण्यात सलग एक आठवडा. मुळामुठा ताई, तुमचे चारही प्रश्न विचारले, उत्तरं मेसेजवर आली. मी हो म्हटलंय. शिकवण्या सोमवार ते गुरुवार ठेवते. बाबांना अजून पटलेलं नाही, पण मेसेज वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "निदान हिशेबाने चाललीयस."

आता शिकवण्याचं विचारते. मला बाईंसारखा नाटकाचा वर्ग सुरू करायचाय, दहा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी. रागदारीतली पदं त्यांना झेपत नाहीत आणि दोन मुलगे आवाज फुटायच्या वयात आलेत. सुरुवात कशाने करू?

पायपेटी

फार चांगलं केलंस. जा आणि शिकून ये.

बाळ, रागदारीपासून सुरू करूच नको. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी साध्या ठरलेल्या चालीची पद्यं भरपूर आहेत. पूर्वी घरोघर बायका-माणसांना या चाली पाठ असत, कीर्तनातून कानावर पडत. यात गळ्याची कसरत नाही, शब्द पुढे आणि सूर मागे. मुलाला आधी दिंडी नुसती वाचायला लाव. मग दुसऱ्या मुलाला उद्देशून बोलायला लाव, खरोखर काहीतरी सांगितल्यासारखी. नंतर चालीत. चालीत गेल्यावर बोलणं हरवलं की थांबव, पुन्हा बोलायला लाव. एक दिंडी अशी बसली की पुढचं पद मूल स्वतःच "हे कुणाला म्हणायचं?" असं विचारून मग गातं. मला तेवढं पुरे.

वर्गाची सुरुवात सगळ्यांनी मिळून नांदी, म्हणजे नाटकाच्या आरंभीचं स्तवन, म्हणून कर. नांदीत कुणी एकटा उघडा पडत नाही, बुजरं मूलही तोंड उघडतं आणि एका सुरात उभं राहायची सवय लागते.

आवाज फुटणाऱ्या मुलांना काही महिने वरचे सूर देऊ नको. मंद्र आणि मध्य सप्तकात जेवढं आरामात येईल तेवढंच. त्यांना सूत्रधाराचं गद्य दे, तबल्याचा ठेका धरायला बसव, पडद्यामागचं काम दे. "आवाज बसला" म्हणून त्यांना घरी पाठवू नको, ती मुलं पुन्हा येत नाहीत. या वयात घासून गाऊन घेतलेले गळे मी पुढे खराब झालेले पाहिलेत.

आणि मुलांना एकदा मिरजेत आण. सतारमेकर गल्लीत तंबोरा कसा बनतो ते दाखवू. भोपळा कापून वाळवलेला असतो, त्यावर दांडी बसते, आणि जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, काढताना कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मुलांनी मोबाइलवरचा तंबोराच ऐकलाय त्यांनी खरी जवारी कानाजवळ ऐकली पाहिजे.

तासगावची_बाई

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नाटकाच्या वर्गाची फी महिन्याऐवजी तीन महिन्यांची एकदम घ्या आणि तीन महिन्यांनी एक प्रवेश पालकांपुढे करायचा हे पहिल्या दिवशीच सांगा. पालकांना काहीतरी दिसलं की ते पुढचे तीन महिने विचारत नाहीत. आणि नेपथ्य, वेशभूषेच्या मागे लागू नका. एक पाट, एक समई, मुलींना ओढण्या. आमची 'शारदा' एवढ्यावरच झाली.

सज्जनगड_सातारा

माझी एक मागणी राहिली ती परत सांगतो. मुलांना माईक देऊ नका!

काळी_पाच

नाही देणार, काका. आमच्या वाड्याचा चौक तेवढा मोठा आहे, शेवटच्या पायरीवर आजीला बसवते. तिला ऐकू कमी येतं. तिला शब्द कळला तर पास.

दौऱ्याच्या तालमी संपल्या की वर्ग सुरू. पहिल्या दिवशी नांदी आणि 'सौभद्र'मधली एक दिंडी. पायपेटीकाका, पहिल्या दिवशी साथीला याल का? सांगलीत मुलांबरोबर बसणारा पेटीवाला मिळेना झालाय. जे मानधन असेल ते मी देईन, फुकट नको.

पायपेटी

मानधन घेईन, तू म्हणतेस ते बरोबर आहे. ऑर्गन काही उचलून आणता येत नाही, पेटी आणतो. तबल्याला कोण आहे? नसेल तर आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, ठेका स्वच्छ वाजवतो आणि महत्त्वाचं म्हणजे हळू वाजवतो. त्याला विचारून ठेवतो. तू फक्त दिंडी कुठली ते आधी कळव, सूर कुठला धरायचा ते मुलांची नावं आणि वयं बघून ठरवू.

काळी_पाच

तबल्याला कुणी नाही, त्याला नक्की आणा. नावं आणि वयं रात्री व्यक्तिगत निरोपात पाठवते.